कल्ले लाल असले तरी

आमच्या घरी मासा निवडायचं काम आजीचं. कल्ले लाल आहेत का, डोळे स्वच्छ आहेत का, बोटाने दाबलं की मांस परत वर येतं का, एवढं बघून ती भाव करते. उपवासकाळात शुक्रवारी मटण-चिकन बंद, त्यामुळे बेळगावच्या बाजारातून बांगडा नाहीतर नदीची मरळ येतेच. यंदा ताई बाळंतपणासाठी माहेरी आलीय, म्हणून आजीचा आग्रह जरा जास्तच. "ताजी मरळ आहे, खा गं, अंगात ताकद येईल."

नेमकं याच दिवसांत मी कॅनडातल्या ग्रासी नॅरोजबद्दल वाचत होते. ड्रायडन गावातल्या कागद कारखान्यातून १९६२ ते १९७० या काळात वाबिगून नदीत सुमारे नऊ टन पारा सोडला गेला. खालच्या अंगाला राहणाऱ्या अनिशिनाबे लोकांचं रोजचं जेवण म्हणजे नदीतला वॉलआय मासा, आणि पोटापाण्याचं कामही मासेमारीचंच. १९७० मध्ये तो धंदा बंद झाला. जेवण नासलं आणि रोजगारही गेला. मिनामाताचे रुग्ण वर्षानुवर्षे पाहिलेले जपानचे डॉ. मासाझुमी हारादा १९७५ मध्ये तिथे गेले, तर तशीच लक्षणं त्यांना इथेही आढळली.

हे होतं कसं? पाण्यात पारा अगदी थोडा असतो. तळच्या गाळातले जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात. तो शेवाळात जातो, तिथून किड्यांत, किड्यांतून छोट्या माशांत, छोट्यांतून मोठ्यांत. अंगात शिरलेला हा पारा लवकर बाहेर पडत नाही, म्हणून दर पायरीला साठा वाढतो. वरच्या माशात तो पाण्यापेक्षा लाखो पट होऊ शकतो. पाणी दूषित असेल तर शेवाळ-वनस्पती खाणाऱ्या रोहूपेक्षा दुसरे मासे गिळणाऱ्या मरळीला धोका जास्त, तो यामुळेच.

कॅडमियम जास्त करून माशाच्या काळजात आणि मूत्रपिंडात साठतं. पोट साफ करताना त्यातलं बरंच निघून जातं. पारा मात्र मांसातच बसतो. मीठ-हळद लावून कितीही धुवा, तळा, उकळा, तो जात नाही. आणि आईच्या रक्तातून थेट पोटातल्या बाळापर्यंत पोचतो.

आजीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "मग काय मासे खायचंच सोडायचं?" तसं नाही. बाळासाठी मासा चांगलाच, फक्त छोटे मासे खा, असं ताईच्या डॉक्टरबाईंनी सांगितलंय. आता घरात तारली येते.

तरी मला एक गोष्ट खटकते. आपल्या घरातल्या बायका निवडून, धुऊन, शिजवून सगळ्यांना सांभाळतात. इथे त्यांचं ते सगळं शहाणपण कामाचं नाही. पारा सोडण्याचं काम आठ वर्षांत उरकलं, पण ती नदी साफ करायला ८.५ कोटी डॉलर द्यायचं ओंटारियो सरकारने ठरवलं ते २०१७ मध्ये. तोवर जपून खायची जबाबदारी कुणावर होती? काठावर राहणाऱ्यांवर आणि पोटुशी बायांवर. नदीत सोडायच्या पाण्याची तपासणी कारखान्याच्या दारातच झाली पाहिजे. ती आमच्या ताटात आल्यावर करता येत नाही.