सिग्मारिंगनचा वारसा

२४ एप्रिलला संत फिडेलिस यांचा सण येतो. यंदा मिस्साहून परतल्यावर त्यांचे चरित्र वाचीत असता ‘सिग्मारिंगन’ या त्यांच्या जन्मगावापाशी मी थबकलो. वकिली सोडून कपुचिन झालेले आणि १६२२ साली रक्तसाक्षी झालेले हे संत १५७८ मध्ये तेथे जन्मले. त्याआधी दोनच वर्षे त्या घराण्यात वाटणी झाली होती. होहेनत्सोलर्नचा काउंट पहिला कार्ल वारला आणि मुलांमध्ये हेखिंगन, हायगरलोख व सिग्मारिंगन असे तीन वाटे पडले. आपल्याकडे वाडीचे पडतात तसेच! त्याच कुळाची ब्रांडेनबुर्गची शाखा प्रोटेस्टंट झाली, तिच्यातून पुढे प्रशियाचे राजे निघाले. डॅन्यूबकाठची ही शाखा मात्र कॅथलिक राहिली.

नेपोलियनच्या काळात अशी कितीतरी संस्थाने बुडाली. हे तरले ते आमाली त्सेफिरीने या राणीमुळे. नवऱ्याला व तान्ह्या मुलाला सोडून ती पॅरिसला निघून गेली होती आणि तेथे जोसेफिनची मैत्रीण झाली होती. ज्या सुनेला सारे कुळ बोल लावीत असेल तिनेच कुळ राखले. पुढे १८४९ साली राज्य कराराने प्रशियाला दिले गेले. उरला तो वंश, आणि त्याला मात्र मागणी होती. १८६६ साली कार्ल रुमानियाचा अधिपती झाला. १८७० साली त्याचा थोरला भाऊ लेओपोल्ड याचे नाव स्पेनच्या गादीसाठी पुढे आले आणि त्यावरून फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध पेटले.

मला चटका लावून गेला तो लेओपोल्डचा मुलगा फर्डिनांड. कार्लची एकुलती एक मुलगी १८७४ साली बालपणीच वारली, म्हणून या पुतण्याला १८८९ साली वारस ठरवून बुखारेस्टला नेले. तेथील राज्यघटनेची अट अशी, की वारसाची मुले ऑर्थोडॉक्स पंथात वाढावीत. १८९३ च्या जानेवारीत सिग्मारिंगनलाच त्याचा विवाह झाला. ऑक्टोबरात मुलगा झाला आणि त्याचा स्नानसंस्कार ऑर्थोडॉक्स पद्धतीने करण्यात आला. त्यापायी आपल्या ख्रिस्तसभेने फर्डिनांडला संस्कारांपासून दूर ठेवले. स्वतः तो कॅथलिकच राहिला. १९२२ साली आल्बा युलिया येथे राज्याभिषेक झाला तेव्हा ऑर्थोडॉक्स धर्माध्यक्षांच्या हातून मुकुट घेणे त्याने टाळले. सोहळा मंदिराबाहेर झाला आणि मुकुट त्याने स्वतःच्या हातांनी मस्तकी ठेवला.

हे वाचून मी पुस्तक मिटले. माझी धाकटी लेक केरळमधील एका ऑर्थोडॉक्स घरी दिली आहे. नातवाचा स्नानसंस्कार त्यांच्या मंदिरात ठरला, तेव्हा मी गुडघेदुखीचे निमित्त काढून घरी बसलो. तो स्नानसंस्कार आपली ख्रिस्तसभाही ग्राह्य मानते, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पत्नी एकटीच जाऊन आली. तिने आणलेले छायाचित्र मी धड पाहिलेही नव्हते. माझ्यामागे कोणते राज्य होते, की कोणती राज्यघटना?

संध्याकाळी मी पत्नीला म्हटले, “तो फोटो कुठे ठेवलायस गं?” तिने काही विचारले नाही. कपाटातून काढून पुढ्यात ठेवला. पोर अगदी माझ्या वडिलांच्या तोंडवळ्याचे आहे.