आवाज कोणत्या टेबलावर अडला?

संगणकाचा पडदा उजळलेला असतो, ध्वनिफीत चालू असल्याची रेघ संथपणे पुढे सरकत असते, आणि कानावर मात्र काहीच पडत नाही. ही शांतता बहुतेक वेळा यंत्र बिघडल्याची नसते. आवाज निघालेला असतो. वाटेत कुठेतरी थांबलेला असतो. महसूल खात्यात उभी हयात घालवलेल्या आम्हांस हा प्रकार नवा नाही. अर्ज आवक नोंदवहीत चढतो आणि पुढे महिनोन्महिने त्याचा ठावठिकाणा लागत नाही, तेव्हा फाईल कोणत्या टेबलावर आहे हे एकामागून एक टेबल पाहूनच शोधावे लागते. लिनक्समधील आवाजाचेही तसेच आहे. फरक इतकाच, की तेथे कोणतेही टेबल कोणासही पाहू देतात.

आमचे मेहकर म्हणजे बुलढाण्याचे नव्हे; भालकी तालुक्यातले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुना बीदर जिल्हा वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, आम्ही म्हैसूर राज्यात आलो. तेव्हापासून कचेरीत कन्नड आणि घरात मराठी हा शिरस्ता. घरातल्या त्या मराठीचा सर्वांत जुना ऐकण्याजोगा पुरावा म्हणजे १९८४ साली टेपरेकॉर्डरवर धरून ठेवलेल्या आईच्या जात्यावरच्या ओव्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रातील गावोगावच्या बायकांकडून अशा लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या आणि तो संग्रह आज महाजालावर वाचता-ऐकता येतो. आमच्या घरच्या ओव्यांपुरती मात्र ही एकच कॅसेट. लातूरच्या भाच्याने ती संगणकात उतरवून पेनड्राइव्हवर आणून दिली. नेमकी त्याच आठवड्यात अक्का उदगीरहून आठ दिवसांसाठी आली होती. वय चौऱ्याऐंशी, कान मंदावत चाललेले. रोज विचारी, "अप्पा, आईचं ऐकवतोस ना रे?" आणि आमचा संगणक मुका.

तो जुना आहे. मुलाने बेंगळुरूहून येऊन त्यात लिनक्स घालून दिले. १९९१ साली हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आरंभलेली ही कार्यप्रणाली. तिचा मूळ मजकूर जगास खुला. आवाजाचे काम मात्र तीत एका हाताने झालेले नाही. यारोस्लाव किसेला या चेक गृहस्थाने १९९८ मध्ये 'अल्सा' सुरू केले. ध्वनिपत्राशी थेट बोलणारा हा थर २००३ अखेरच्या आवृत्तीबरोबर लिनक्सच्या गाभ्यात नांदू लागला. त्यावर 'पल्सऑडिओ' आले, आणि पुढे त्याची जागा विम टेमन्स यांच्या 'पाइपवायर'ने घेण्यास आरंभ केला. फेडोरा या वितरणात २०२१ पासून तेच मूळचे म्हणून येते. म्हणजे गाणे वाजवणारा कार्यक्रम, मग पाइपवायर, मग अल्सा, मग ध्वनिपत्र, शेवटी भोंगा. कारकून, अव्वल कारकून, शिरस्तेदार, तहसीलदार. कोणीही एकाने फाईल दाबून ठेवली की बाकीचे निर्दोष असूनही काम ठप्प.

आम्ही उलटीकडून, तहसीलदारापासून निघालो. 'एप्ले' या आज्ञेस वजाचे चिन्ह आणि 'एल' हे अक्षर जोडून दिले, की संगणकास कोणकोणती ध्वनिसाधने दिसतात त्याची यादी येते. यादीच रिकामी असेल आणि मांडणीत 'डमी आउटपुट' एवढेच दिसत असेल, तर प्रकरण गंभीर. ध्वनिपत्र ओळखलेच गेलेले नाही. नव्या यंत्रांत अशा वेळी पुष्कळदा फर्मवेअरची एखादी फाईल उणी असते. आमच्याकडे दोन नोंदी आल्या: एक अ‍ॅनालॉग, दुसरी एचडीएमआय. जीव भांड्यात पडला.

मग ध्वनीची मांडणी उघडली. दिवाळीत नातवंडांनी संगणक टीव्हीस जोडला होता. आवाज अजून त्या एचडीएमआयच्याच वाटेने जात होता, म्हणजे टीव्ही नसलेल्या तारेत. करंजा धरणाचे दार उघडावे आणि पाणी भलत्याच पाटाला लागावे, तसे. निर्गमाची जागा बदलून अ‍ॅनालॉग केली. तरीही शांतताच.

राहिले अल्साचे टेबल. 'अल्सामिक्सर' ही आज्ञा दिली, की काळ्या पडद्यावर एकेका वाटेचे उभे खांब दिसतात; एफ-सहा हे बटण दाबून ध्वनिपत्र निवडावे. 'मास्टर'चा खांब भरलेला होता. 'स्पीकर'च्या खांबाखाली मात्र 'एमएम' ही दोन अक्षरे होती, म्हणजे ती वाट बंद. बाणाने तेथे जाऊन 'एम' दाबले, अक्षरे 'ओओ' झाली, खांब वर चढवला. 'अल्साकंट्रोल' या अर्थाच्या 'अल्साकटल' आज्ञेने ती स्थिती जतन केली, नाहीतर पुन्हा तीच वारी. सारे मिळून पाऊण तास गेला. ज्या कार्यप्रणालींत असली टेबले बंद दाराआड असतात, तेथे आम्ही दुकानाची पायरी चढलो असतो, आणि अक्काची परतीची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची होती.

आवाज आला. प्रथम खरखर, मग जात्याची घरघर, पण फार पातळ. संगणकाच्या इवल्या भोंग्यास दगडाचा खर्ज पेलत नाही. अक्काच्या कानांवर हेडफोन चढवला तेव्हा तिने डोळे मिटले आणि तिचा उजवा हात मांडीवर हळूहळू गोल फिरू लागला.

तीन आवाज होते. आजवर आम्ही सगळा आवाज आईचाच धरून चाललो होतो. अक्काने फीत दोनदा मागे घ्यायला लावली आणि सांगितले, की दुसरा आवाज शेजारच्या मावशींचा. ओळ उचलताना त्या नेहमी किंचित उशीर करीत. आम्ही वहीत लिहून घेतले. तिसरा आवाज कोणाचा, हे तिला त्या रात्री आठवले नाही. सकाळी चहा पिताना आठवले.