अडीच गुंठ्यांवरचं रात्रीचं जेवण

इंग्लंडात भाजीपाला लावायला भाड्याने मिळणाऱ्या जमिनीला ॲलॉटमेंट म्हणतात. तिचं मोजमाप अजून रॉडमध्ये चालतं, पूर्ण तुकडा दहा रॉडचा. 1981 साली यॉर्कशरमधल्या आमच्या खाणकामगारांच्या गावात असा तुकडा आम्हाला मिळाला, तेव्हा ह्यांनी पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. दहा रॉड म्हणजे एकराचा सोळावा भाग, म्हणजे बरोबर अडीच गुंठे. गुहागरच्या आमच्या घरामागचं परस जवळजवळ तेवढंच होतं. हातात कुदळ धरून मी त्या काळ्या चिकट मातीत उभी होते आणि डोळे भरून आले.

तेव्हा निम्मे तुकडे काटेरी झुडपांत बुडालेले होते. अर्ज केला आणि पंधरवड्यात फाटकाची किल्ली हातात आली. तुकडे कसणाऱ्यांत बहुतेक खाणीतली माणसं. दिवसभर जमिनीच्या पोटात काम करून आलेला माणूस संध्याकाळी पुन्हा जमीनच खणायला येतो, याचं मला सुरुवातीला नवल वाटायचं. आमच्या बांधाला लागून एक खाणीतून निवृत्त झालेले आजोबा होते. त्यांच्या वडिलांनी दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, ‘डिग फॉर व्हिक्टरी’ची, म्हणजे विजयासाठी जमीन खणा अशी, हाक आली तेव्हा, ह्याच मातीतून घरापुरते बटाटे काढले होते. बटाटा लावायचा तो गुड फ्रायडेला आणि शेंगांचं रोप बाहेर काढायचं ते मे महिन्याचं दहिवर संपल्यावर, हे मी त्यांच्याकडून शिकले.

स्वयंपाक मात्र टीव्हीकडून शिकत होते. डेलिया स्मिथ यांचा कुकरी कोर्स पुन्हा दाखवत, तेव्हा मी मांडीवर वही घेऊन बसायची. औंस, पाइंट, किती नंबरवर ओव्हन, सगळं उतरवून घ्यायची. आधी बेत ठरायचा, मग जिन्नस शोधायचे. आणि आपला बेत असला तर शनिवारी बस बदलून ब्रॅडफर्डला जायचं, मिरच्या आणि कोथिंबिरीसाठी. परत येईपर्यंत पानं निम्मी पिवळी पडलेली असायची.

म्हणून कोथिंबीर लावली. आई करायची तसेच धणे चपलेखाली हलके रगडून दोन डाळी केल्या आणि पेरले. उगवली छान, पण जूनमध्ये इथे दहा वाजत आले तरी उजेड असतो. त्या लांबलचक दिवसांनी ती वीतभर व्हायच्या आत फुलावर गेली. दोनदा असं झालं. मग ऑगस्टमध्ये, दिवस आखडायला लागल्यावर पेरली आणि ओळ हिरवीगार उभी राहिली.

1982 साली बीबीसीवर मधुर जाफरी यांची ‘इंडियन कुकरी’ मालिका लागली. साडी नेसलेली बाई त्या पडद्यावर शांतपणे फोडणीची गोष्ट सांगते आहे, हे पाहताना मी वही उघडायलाच विसरले. दुसऱ्या दिवशी आजोबा बांधावर येऊन उभे राहिले. टोपी हातात. म्हणाले, “काल आमच्या घरी ते पाहिलं. बायकोला ती हिरवी पानं हवी आहेत. तुमच्या ओळीतली तीच ना?” दोन हंगाम ते त्या ओळीशेजारून जात होते, पण एका शब्दाने विचारलं नव्हतं. मी मुठीत मावेल तेवढी मुळांसकट उपटली, माती झटकली आणि त्यांच्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. त्यांनी पुडी नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

त्या एका संध्याकाळी गावातली सगळी घरं एकच कार्यक्रम पाहत होती. दुसऱ्या दिवशी फाटकाशी भेटणाऱ्या प्रत्येकाला त्याबद्दल काही बोलायचं होतं. ते आज राहिलेलं नाही, आणि त्याची मला खरोखर उणीव भासते.

1984च्या मार्चमध्ये खाणकामगारांचा संप सुरू झाला, तो वर्षभर चालला. त्या उन्हाळ्यात आमच्या तुकड्यांवरून ढकलगाड्या भरभरून कांदे, बटाटे, कोबी संपकऱ्यांच्या सामुदायिक स्वयंपाकघरात जायचे. आजोबांनी त्या वर्षी घरी फार थोडं नेलं. जमिनीच्या ह्या चिमुकल्या तुकड्याची ताकद मला तेव्हा कळली.

पुढे 2009 साली टीव्हीवर नायजेल स्लेटर यांचे ‘सिंपल सपर्स’ हे भाग लागले. बागेतून जे मिळेल ते आत आणायचं आणि एका कढईत दोन-तीन गोष्टींत रात्रीचं जेवण उरकायचं. मोजमापाचा धाक नाही. पाहता पाहता मला आईच दिसायला लागली. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं अळू, वेलावरचं एखादं पडवळ. दिवे लागायच्या सुमारास परसात जाऊन येईपर्यंत तिला स्वतःलाच ठाऊक नसायचं काय रांधायचं ते. वही मी त्यानंतर उघडली नाही.

आता आमच्या फाटकावर प्रतीक्षायादी आहे. झुडपं कधीच गेली. तरुण जोडपी येतात, त्यांच्या मातीत केल नावाचा कोबी आणि चार रंगांची बिटं असतात. कोथिंबीर कुठल्याही सुपरमार्केटात मिळते. तरी मी ऑगस्टची ओळ चुकवत नाही.

आमचं रात्रीचं जेवण मात्र साधं होत गेलं. जूनमध्ये ब्रॉड बीन्सचे दाणे वाफवून त्यांचं वरचं साल काढते. आतून पोपटी डाळिंब्या निघतात. जिरं-मिरची, चिमूटभर गूळ, वर खोबरं, आणि बाजूला मऊ भात. आमसुलं संपलेली असली की आमटीत रुबार्बचं देठ चिरून घालते. यॉर्कशर त्याच्यासाठीच प्रसिद्ध; वेकफिल्डच्या बाजूला ते हिवाळ्यात अंधाऱ्या शेडमध्ये वाढवून मेणबत्तीच्या उजेडात खुडतात. पान मात्र विषारी, देठच घ्यायचं. आमटीत ते दोन मिनिटांत विरघळतं आणि गुलाबीसर आंबटपणा सोडून जातं. मेथ्यांची फोडणी देऊन त्याचा मेथांबाही फार सुरेख होतो. कैरीची आठवण निघते, पण चव त्याची स्वतःची.

आजोबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांनी मला लाल फुलांच्या रनर बीन्सचं बी दिलं होतं, जांभळ्यावर काळे ठिपके असलेलं. आपल्या घेवड्याच्याच कुळातलं. दर वर्षी चार शेंगा वेलावर वाळू देते, बी बरणीत ठेवते. त्यांच्या तुकड्यावर आता जी मुलगी आली आहे, तिने परवा बांधावरून विचारलं, “हा वास कशाचा येतोय?” शेडमधल्या लहान स्टोव्हवर मी घेवड्याला फोडणी घातली होती. तिला वाटीभर भाजी दिली आणि जाताना त्या बरणीतलं बी, दहा-बारा दाणे, वर्तमानपत्राच्या पुडीत.