घोडेगावचा कांदा आणि वस्तीतली पुडी

नगरहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागले की जेऊर मागे पडते, इमामपूरचा घाट लागतो, पांढरीचा पूल येतो आणि थोड्याच वेळात घोडेगाव. बाहेरगावचे लोक इथे उतरतात ते शनिशिंगणापूरला जाण्यासाठी. आम्ही उतरलो कांद्यासाठी. वस्तीतल्या महिला मंडळाच्या चार भगिनी आणि आम्ही कार्यकर्ते असा आमचा जथा होता. "महिन्याचा किराणा वीस तारखेलाच का संपतो?" असा प्रश्न मंडळाच्या बैठकीत निघाला होता. तेव्हा म्हटले, माल जिथून निघतो तिथपासून आपल्या चुलीपर्यंत एकदा चालत यावे.

आपला जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. सरकारदरबारी त्याचे नाव आता अहिल्यानगर, पण एस.टी.त बसताना तोंडात नगरच येते. घोडेगावच्या कांदा बाजारात गोण्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात. व्यापारी गोणी फोडून कांदा हातात घेतात, बोली लागते आणि दोन-चार मिनिटांत शेतकऱ्याच्या चार महिन्यांच्या कष्टाचा निकाल लागतो. गोण्या पाठीवर वाहणारे हमाल आणि ऊन्हात बसून कांदा निवडणाऱ्या बाया आपल्यासारख्याच घरांतल्या. दिवसभर कांद्यात हात असलेल्या बाईला संध्याकाळी घरी न्यायचा कांदा मात्र दुकानातूनच विकत घ्यावा लागतो.

कांदा का चढतो, हे समजून घ्यायला हवे. उन्हाळी कांदा एप्रिल-मे महिन्यांत निघतो आणि चाळीत साठवला जातो. तोच पुढे दिवाळीपर्यंत पुरवावा लागतो. पावसाळ्यात चाळीतला माल सडला किंवा परतीच्या पावसाने नवे पीक झोडपले की भाव भडकतो. मग सरकार धावते. ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागले, 8 डिसेंबर 2023 ला निर्यातच बंद झाली, ती 4 मे 2024 ला उठली. उरलेले शुल्क 1 एप्रिल 2025 ला गेले. बंदी आली की शेतकऱ्याचा भाव एका दिवसात कोसळतो, पण आपल्या गल्लीतल्या दुकानात तो उतरायला आठवडे लागतात. म्हणून शेतकरी आणि मजूर यांनी एकमेकांकडे डोळे वटारण्यात अर्थ नाही. दोघेही एकाच काट्याच्या चुकीच्या बाजूला उभे आहेत.

परतताना नगरात दाळ मंडई आणि आडते बाजारातून फिरलो. इथली पोती बघितली की वाटते सगळा माल आपल्याच मातीतला. तसे नाही. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातले निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते: पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सूर्यफुलाचे रशिया-युक्रेनकडून. तूरडाळीतलाही मोठा वाटा म्यानमार आणि आफ्रिकेतल्या मोझांबिक, टांझानियाकडून येतो. एप्रिल 2022 मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबवली, तेव्हा फोडणी आपल्या घरात महागली. सप्टेंबर 2024 मध्ये आपल्या सरकारने आयातशुल्क वाढवले आणि ऐन दसरा-दिवाळीत तेल चढले. मे 2025 मध्ये कच्च्या तेलावरचे शुल्क कमी झाले.

आता वस्तीत येऊ. इथे डबा नाही, पोते नाही. इथे पुडी आहे. समजा, तूरडाळ 140 रुपये किलो आहे. पाव किलोचे 35 व्हायला हवेत, पण दुकानदार 40 घेतो. म्हणजे गरिबाला ती 160 रुपये किलो पडली. महिन्याला चार किलो डाळ लागली तर 80 रुपये नुसते पुडीचे गेले. तेल, चहा, साखर, साबण यांचा हिशेब असाच. रोज मिळवून रोज खाणाऱ्याजवळ एकरकमी पैसा नसतो, म्हणून त्यालाच सर्वांत महाग माल घ्यावा लागतो. वर उधारीची वही असली तर भावाबद्दल तोंड उघडायची सोय नाही.

रेशनचा आधार आहे, तो नाकारून चालणार नाही. 1 जानेवारी 2023 पासून धान्य मोफत आहे आणि 1 जानेवारी 2024 पासून ते पाच वर्षांसाठी वाढवले आहे. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला 35 किलो, प्राधान्य कार्डावर माणशी 5 किलो. पण मिळतो तो मुख्यतः गहू-तांदूळ. कर्जत-जामखेडच्या कोरडवाहू पट्ट्यात ज्वारीची भाकरी हे गरिबाचे अन्न होते. 1972 च्या दुष्काळात ज्यांनी अमेरिकेची लाल मिलो खाल्ली, त्या म्हाताऱ्या आज सांगतात की आता ज्वारी गव्हापेक्षा महाग झाली. गरिबाची भाकरी श्रीमंताच्या ताटात गेली.

बाबासाहेबांचा 'रुपयाचा प्रश्न' हा ग्रंथ 1923 साली लंडनला प्रसिद्ध झाला. रुपयाचा परदेशी हुंडणावळीचा दर स्थिर राहण्यापेक्षा रुपयात बाजारात काय मिळते, ते स्थिर राहणे महत्त्वाचे, असे त्यांचे म्हणणे होते. आम्हा कारकुनांना महागाई भत्ता मिळतो. संगमनेर-नगरच्या विडी कामगार भगिनींना किमान वेतनावरचा विशेष भत्ता कायद्याने आहे. तो दर सहा महिन्यांनी बदलतो. पण धुणीभांडी करणारीला, कांदा निवडणारीला भत्ता कोण देतो? भाव लिफ्टने चढतात, तिची मजुरी जिन्याने.

म्हणून बैठकीत काही गोष्टी ठरल्या. दहा घरांनी मिळून पैसे काढायचे आणि डाळ, तेल, साखर आडते बाजारातून एकदम आणायची. धान्य सुटे घ्यायचे, कारण 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकिटावर जुलै 2022 पासून 5 टक्के कर आहे. रेशन दुकानात यंत्राची पावती मागायची. काट्यावर वैध मापन विभागाचा शिक्का बघायचा. साबण, टूथपेस्टवरचा कर 22 सप्टेंबर 2025 ला 18 वरून 5 टक्के झाला. छापील किंमत उतरली का, ते वाचायचे. आणि घरातल्या शिकणाऱ्या मुलीकडे हिशेबाची वही द्यायची.

एवढ्याने महागाई हटणार नाही. 1972 साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बाया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हा सत्तेला त्यांचे ऐकावे लागले. लाटणे आपल्याही घरात आहे. पण आधी वही भरू या, म्हणजे मागणी करताना आपल्या हातात आकडे असतील.