हशाआड दडलेला पुरावा

विनोदी खूनकथेत मेलेल्याची टिंगल करून भागत नाही. त्याला हसलो की खुनी कोण, याचं वाचकाला सोयरसुतक उरत नाही. हसण्याजोगी माणसं जिवंत हवीत आणि स्वतःला भलतीच शहाणी समजणारी हवीत. म्हणून मी फिरून फिरून दोन महायुद्धांच्या मधल्या ऑक्सफर्डात जातो.

तिथल्या बड्या घरच्या पोरांचा थाट काय वर्णावा! ‘स्काउट’ म्हणजे कॉलेजचा नोकर अंथरूण आवरणार, शेगडी पेटवणार. खोलीला दोन दारं. बाहेरचं लावलेलं दिसलं की पाहुण्याने परत फिरायचं. क्राइस्ट चर्च या कॉलेजची ‘ग्रेट टॉम’ घंटा रात्री ९ वाजून ५ मिनिटांनी १०१ ठोके देते. एके काळी हा दरवाजे बंद होण्याचा इशारा असे. उशीर झालेली पोरं मग भिंतीवरून उड्या मारत. खून एकानेच केलेला असतो, पण काल रात्री कुठे होतो याबद्दल थापा सगळेच मारतात. रहस्यकथावाल्याला आणखी काय हवं?

ब्रूस मॉन्टगोमेरीने ‘एडमंड क्रिस्पिन’ या टोपणनावाने पहिली रहस्यकथा लिहिली ती ऑक्सफर्डात शिकत असतानाच. ती १९४४ साली प्रसिद्ध झाली. त्याचा गुप्तहेर जर्व्हेस फेन हा इंग्रजीचा विक्षिप्त प्राध्यापक. १९४६ च्या ‘द मूव्हिंग टॉयशॉप’मध्ये एका कवीला रात्री खेळण्यांच्या दुकानात प्रेत सापडतं आणि सकाळी पाहतो तर तिथे किराण्याचं दुकान! ही गंमत काढून टाका, गोष्टच उरणार नाही.

मीही तोच नेम धरतो. माझ्या एका कथेतला लॉर्डपुत्र चौकशीत छाती फुगवून सांगतो, “रात्रभर खोलीतच झोपलो होतो. सकाळी गडबडीत स्काउट आला नाही, तेव्हा जन्मात पहिल्यांदा माझं अंथरूण मी आवरलं!” मित्र टाळ्या वाजवतात, इन्स्पेक्टर हसतो, वाचकही हसून पान उलटतो. पण चादरीचे कोपरे गादीखाली घट्ट, सुबक खोचलेले आहेत, हे मी त्याआधीच सांगून ठेवलेलं असतं. असा हात स्काउटचाच. म्हणजे त्याने आदल्या सकाळी घातलेलं अंथरूण तसंच आहे, रात्री तिथे कोणी झोपलेलंच नाही. स्काउटला विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी उलगडा झाला असता. पण नोकराला विचारतो कोण? श्रीमंतीवरचा विनोद आणि खुनाचा पुरावा इथे एकच होतात.

या वाटेला येणाऱ्यांना एवढंच सांगेन: कच्चा खर्डा झाला की एकेक विनोद खोडून पाहा. खोडल्यावरही खुनी तितक्याच सहज सापडत असेल, तर तो विनोद कितीही लाडका असो, ठेवू नका.