सनईचे परदेशी आजोबा

माणसांप्रमाणे वाद्यांनाही समाज एकेक काम नेमून देतो. लग्न म्हटले की सनई, भजन म्हटले की टाळमृदंग, तमाशा म्हटला की ढोलकी, गोंधळ म्हटला की संबळ. त्या त्या प्रसंगी ते ते वाद्य वाजले नाही, तर काही तरी उणे राहिले असे आपणांस वाटते. ह्या वाटणीत सोय आहे, गोडवाही आहे. परंतु एखाद्याला एकच काम नेमून दिले, की त्याला दुसरेही काही येत असेल ही गोष्टच आपण विसरून जातो. ह्याची साक्ष देणारी दोन वाद्ये मला फार आवडतात. एक आपल्या घरची सनई. आणि दुसरे सातासमुद्रांपलीकडचे, पण तिच्याच कुळातले.

ह्या दुसऱ्या वाद्याचे नाव ऐकून तुम्हांला हसू येईल. इंग्रजीत त्याला ‘बसून’ म्हणतात. ‘बसून काय करावयाचे?’ असे कोणी विचारले, तर ‘वाजवावयाचे!’ असे उत्तर द्यावे. गंमत अशी, की हे वाद्य वाजविणारा बहुधा खरोखरच बसून वाजवितो. कित्येक वादक वाद्याला जोडलेला एक पट्टा खुर्चीवर पसरून त्यावर बसतात, म्हणजे वाद्याचे ओझे हातांवर पडत नाही. इटलीतील लोक ह्याच वाद्याला ‘फागोत्तो’ म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ काटक्यांची मोळी. हे नाव त्याला शोभते खरे. कारण मेपल नावाच्या झाडाच्या लाकडापासून केलेली सुमारे अडीच मीटर लांबीची त्याची नळी मध्येच दुमडून उभी केलेली असते. ती सरळ ठेवली असती, तर वादकाची बोटे टोकापर्यंत पोहोचलीच नसती.

सनईचे आणि ‘बसून’चे नाते त्यांच्या मुखाशी आहे. बासरीत आपण नुसती फुंकर घालतो. ह्या दोघांच्या तोंडाशी मात्र दोन पातळ पात्या एकमेकींवर बसविलेल्या असतात. आपले सनईवाले तिला पत्ती म्हणतात. फुंकर आत शिरली, की ह्या पात्या थरथरतात आणि नळीतील हवेला कंप सुटतो. नळी आखूड असेल तर स्वर उंच निघतो. लांब असेल तर तो खर्जात उतरतो. सोलापूरच्या जाधव घराण्याने नावारूपास आणलेली ‘सुंदरी’ ही सनईची धाकटी बहीण. तिचा गळा सनईहूनही नाजूक. सनई दीड-दोन फुटांची. म्हणून तिचा स्वर मांडवाच्या दारातून सहज चौकापर्यंत जातो. ‘बसून’ची नळी तिच्या चार-पाच पट लांब, म्हणून त्याचा आवाज ओसरीवर पुटपुटत बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थासारखा वाटतो. मी त्याला सनईचे आजोबा म्हणतो ते वयावरून नव्हे, आवाजावरून.

आजोबा ही पदवी त्याला माझ्याआधीच एका मोठ्या संगीतकाराने देऊन ठेवलेली आहे. सेर्गेई प्रोकोफिएव्ह ह्या रशियन संगीतकाराने १९३६ साली मुलांसाठी ‘पीटर आणि लांडगा’ ही संगीतकथा रचली. तीत प्रत्येक पात्राला एक वाद्य दिलेले आहे. पक्षी बासरीतून बोलतो, मांजर क्लॅरिनेटमधून पावले टाकते, लांडग्यासाठी तीन हॉर्न वाजतात. आणि फाटक उघडे टाकून कुरणात गेलेल्या पीटरवर रागावणारे आजोबा ‘बसून’मधून गुरगुरतात. त्याही आधी, १८९७ साली, पॉल द्युका ह्या फ्रेंच संगीतकाराने ‘जादूगाराचा शिष्य’ ही रचना केली. गुरू बाहेर गेल्यावर शिष्य केरसुणीला मंत्र घालून पाणी भरावयास लावतो. पण तिला थांबविण्याचा मंत्र त्याला ठाऊक नसतो! ठुमकत ठुमकत पाणी आणणाऱ्या त्या केरसुणीची चाल ‘बसून’च वाजवितो. १९४० साली वॉल्ट डिस्ने ह्यांच्या ‘फॅन्टेझिया’ ह्या चित्रपटात मिकी माऊस तो शिष्य झाला, आणि ही केरसुणी जगभरच्या मुलांच्या ओळखीची झाली. रागीट आजोबा आणि हट्टी केरसुणी! असा ‘बसून’ला विदूषकाचा अंगरखा चढला.

सनईला असाच नववधूचा शालू मिळाला. मंगलकार्य, देवळातील चौघडा, वाजतगाजत निघालेली वरात, ही तिची नेमलेली ठिकाणे. पुण्यात १९५३ साली सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवाचा आरंभही परंपरेने सनईवादनानेच होतो. चित्रपटांनी तिची हीच ओळख घरोघर नेली. पडद्यावर मांडव दिसण्यापूर्वीच सनई ऐकू येते, आणि आता कोणाचे तरी लग्न आहे हे प्रेक्षक न सांगता ओळखतात.

पण अंगरखा म्हणजे अंग नव्हे. ज्या ‘फॅन्टेझिया’त ‘बसून’ केरसुणी होऊन ठुमकतो, त्याच चित्रपटात पुढे इगोर स्ट्राव्हिन्स्की ह्यांची ‘वसंताचा विधी’ ही रचना येते. तिचा आरंभही ‘बसून’च करतो, पण किती निराळा! येथे तो आपला खर्ज सोडून इतक्या उंच स्वरांत एकटाच गातो, की हे तेच वाद्य आहे ह्यावर प्रथम विश्वास बसत नाही. १९१३ साली पॅरिसमध्ये ही रचना नृत्यासह पहिल्यांदा सादर झाली, तेव्हा प्रेक्षागृहात मोठा गोंधळ उडाला होता. चित्रपटात मात्र त्या सुरांबरोबर अथांग आकाश आणि पृथ्वीचा जन्म दिसतो. एकाच चित्रपटात एकच वाद्य आपणांस हसविते आणि स्तब्धही करते. चायकोव्हस्की ह्यांची सहावी सिंफनी १८९३ साली प्रथम सादर झाली, आणि त्यानंतर नऊ दिवसांनी ते वारले. तिची सुरुवातही ‘बसून’च्या अगदी खालच्या, शोकभरल्या स्वरांनी होते. ती ऐकताना केरसुणीची आठवणसुद्धा होत नाही.

सनईचेही असेच आहे. उस्ताद बिस्मिल्ला खाँ ह्यांनी तिला दारातून मैफलीत आणले. १९३७ साली कलकत्त्याच्या संगीत परिषदेत त्यांची सनई रसिकांनी मंचावर ऐकली. १९४७ साली देश स्वतंत्र झाला, तेव्हा दिल्लीत तीच घुमली. १९५९ साली ‘गूँज उठी शहनाई’ ह्या हिंदी चित्रपटासाठी त्यांनी सनई वाजविली. त्याचे संगीतकार होते वसंत देसाई. ‘श्यामची आई’ ह्या १९५३ सालच्या मराठी चित्रपटाचे संगीतही त्यांचेच. ह्या चित्रपटाचा नायकच सनईवादक आहे, आणि त्याची सनई केवळ हसत नाही, ती रडतेही. पुढे २००१ साली खाँसाहेबांना भारतरत्न हा किताब मिळाला. परंतु मला त्यांची आठवण होते ती दुसऱ्याच एका गोष्टीने. मोहरमच्या आठव्या दिवशी ते बनारसच्या रस्त्याने पायी चालत सनईवर शोकगीत वाजवीत, आणि वाजविताना त्यांचे डोळे वाहत असत. त्या दिवशी मंगल राग ते वाजवीत नसत. साऱ्या देशाने जी सनई लग्नाची म्हणून ओळखली, तीच त्यांच्या ओठी दुःखाची भाषा होई.

आमच्या गावात कुंडलिका नदीच्या एका तीरावर जुना जालना आहे आणि दुसऱ्या तीरावर नवीन जालना. नवीन जालन्यात लग्नसराईत कोठून ना कोठून सनई ऐकू येतेच. ती बहुधा कर्ण्यातून, ध्वनिमुद्रित असते. एका लग्नात मात्र मांडवाच्या दाराशी दोन वृद्ध सनईवाले बसलेले मला दिसले. मंडळी पंगतीला गेली, मांडव रिकामा झाला, तरी त्यांतील एकजण वाजवीतच होता. ते सूर लग्नाचे नव्हते. मी जवळ जाऊन विचारले, “बाबा, हे काय वाजविता?”

“जोगिया, गुरुजी. लग्नात कोण ऐकतं तो? पण वडिलांनी शिकवलाय. अधूनमधून वाजवला नाही, तर बोटं विसरतात.”

“मुलगा शिकतो का?”

“तो सळईच्या कारखान्यात जातो. तिथं महिन्याचा पगार ठरलेला असतो. इथं चार महिने लग्नं, आठ महिने वाट बघणं. त्याला तरी काय म्हणावं?”

मलाही त्या मुलाला काही म्हणावेसे वाटले नाही. पोट भरण्याची चिंता सुरांनी मिटत नाही. पण पिढ्यान् पिढ्या दाराशी बसलेल्या ह्या माणसाच्या बोटांत एवढे काही साठलेले आहे, हे मांडवातल्या शेकडो माणसांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांनी त्याला मंगल सूर वाजविण्यास बोलाविले होते. आणखी काय येते, हे विचारले नव्हते. मी म्हटले, “बाबा, तो पुन्हा एकदा वाजविता का?” त्यांनी सोबत्याकडे पाहिले. सोबत्याने एकच सूर धरला, तो शेवटपर्यंत सोडला नाही. आणि त्या सुरावर जोगिया सावकाश उलगडत गेला.

‘बसून’ प्रत्यक्ष ऐकावयाचा तर जालन्याहून मुंबईला जावे लागेल. तेथे २००६ साली स्थापन झालेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ह्या वाद्यवृंदात तो असतो. सनईसाठी एवढे दूर जाण्याचे कारण नाही. पुढच्या लग्नात दाराशी सनईवाले बसलेले दिसले, तर त्यांच्याजवळ क्षणभर उभे राहा. वाजविणारा श्वास न तोडता गाल कसे फुगवितो ते पाहा. आणि शेजारी बसून एकच सूर धरून ठेवणाऱ्या त्याच्या सोबत्याकडेही लक्ष द्या, कारण त्याच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. मग आदराने विचारा, “बाबा, तुम्हांला आणखी काय वाजविता येते?”