चाल कुणाची?

थंडीच्या दिवसांत संध्याकाळी कॅम्पाकडून वारं सुटलं की पलटणीच्या बँडचे सूर आमच्या माडीपर्यंत येत. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे, त्यामुळे इथं वाढलेल्या माणसाला बँडचं अप्रूप नाही. कूचगीतं वाजत असली तर आमचे आप्पा लक्षही देत नसत. पण त्यात एक संथ चाल अधूनमधून येई. ती सुरू झाली की पेटीच्या भात्यावरचा त्यांचा हात थांबे. शिकवणीला आलेली मुलं एकमेकांकडं बघत. चाल संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, असा अलिखित नियम होता.

आप्पा शाळेत संगीत शिकवत आणि उरलेल्या वेळात भजनी मंडळापासून नाटकाच्या तालमीपर्यंत जिथं बोलावतील तिथं पेटीची साथ करत. बेळगाव हे पेटीवाल्यांचं गाव. विठ्ठलराव कोरगावकर, रामभाऊ विजापुरे ही नावं जिथं निघत तिथं आप्पांचं नाव कुणी घेत नसे. घ्यावं अशी त्यांची अपेक्षाही नव्हती. निदान मी तसं समजत होतो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गोवेकर वृद्ध गृहस्थ राहत. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवून निवृत्त झालेले. आप्पा त्यांना ‘मेस्त’ म्हणत. एकदा आप्पांनी त्यांना ती संथ चाल पेटीवर वाजवून दाखवली आणि विचारलं, “मेस्त, हे काय आहे हो?” मेस्त घरी गेले आणि एक जाडजूड, कोपरे दुमडलेलं स्तोत्रांचं पुस्तक घेऊन आले. गीताचं नाव ‘अबाइड विथ मी’. पान इंग्रजी नोटेशननं काळं झालेलं. आप्पांना त्यातलं काही वाचता येत नव्हतं, पण त्यांची नजर वरच्या बाजूला खिळली. डाव्या कोपऱ्यात एक नाव होतं आणि उजव्या कोपऱ्यात दुसरं. मेस्तांनी सांगितलं, डावीकडचा शब्द लिहिणारा, उजवीकडचा चाल बांधणारा. त्या पुस्तकात पानोपानी तसंच होतं.

“हे बघ रे,” आप्पा मला म्हणाले, “चालवाल्याचंही नाव छापतात.”

मी तेव्हा सातवीत असेन. मला त्यात बघण्यासारखं काही वाटलं नाही. पुढं नोकरीत स्थिरावल्यावर मात्र त्या दोन कोपऱ्यांतल्या माणसांची मी जमेल तशी माहिती काढत गेलो.

डावीकडचा हेन्री फ्रान्सिस लाइट. जन्म १७९३, स्कॉटलंडमधला. बापानं टाकलेलं पोर. पुढं पत्र लिहायची वेळ आली तरी बाप खाली ‘काका’ अशी सही करी! आयर्लंडमधल्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी त्याची फी भरली आणि सुट्टीत त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं. पाळक होऊन तो इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावर ब्रिक्सहॅम या मच्छीमारांच्या गावी आला आणि वीसेक वर्षं तिथंच रमला. फुप्फुसं पोखरलेली होती. १८४७ च्या सप्टेंबरात शेवटचं प्रवचन करून, हे गीत घरच्यांच्या हाती ठेवून तो हवापालटासाठी दक्षिणेला निघाला. आजच्या फ्रान्समधल्या नीसपर्यंत पोचला आणि २० नोव्हेंबरला तिथंच गेला. दिवस मावळतोय, तू माझ्याजवळ राहा, असं देवाला विनवणारं ते गीत. त्याला लाइटनं स्वतःही एक चाल लावली होती. ती लोकांच्या तोंडी बसली नाही. शब्द चौदा वर्षं तसेच राहिले.

उजवीकडचा विल्यम हेन्री मंक. लंडनच्या एका चर्चमध्ये १८५२ पासून १८८९ मध्ये मरेपर्यंत ऑर्गन वाजवणारा माणूस. १८६१ साली ‘हिम्स एन्शंट अँड मॉडर्न’ हा संग्रह निघाला, त्यात २७३ गीतं होती. कुठल्या गीताला कुठली चाल द्यायची, चार आवाजांत ती कशी बसवायची, हे सगळं या मंकनं पाहिलं. अशा कामाला आपल्याकडं नावच नाही. लाइटच्या गीताला नीटशी चाल सापडेना, तेव्हा मंकनं बैठकीच्या अखेरीस दहा मिनिटांत ती लिहून दिली, अशी एक गोष्ट सांगतात. दुसरी त्याच्या बायकोची म्हणून सांगितली जाते. मोठ्या दुःखाच्या दिवसांत दोघं मिळून मावळता सूर्य पाहत होती, आणि उजेड गेल्यावर त्यानं कागद घेतला. आमच्या सौभाग्यवतींना दुसरी गोष्ट खरी वाटते. आप्पांना पहिली. ऐनवेळी चाल लावून देणं म्हणजे काय, हे त्यांनी आयुष्यभर भोगलेलं होतं. “दहा मिनिटं म्हणजे पुष्कळ झाली की,” ते म्हणाले.

चाल तशी साधी. गंधारावर सुरू होते, पायरीपायरीनं षड्जावर उतरते आणि तिथून एकदम पंचमावर जाते. एक तीव्र मध्यम सोडला तर सगळे शुद्ध स्वर. पण तिची खरी गंमत चार आवाजांच्या जुळणीत आहे, आणि एका हातानं भाता हलवणाऱ्या पेटीवाल्यानं ती कुठून आणायची? मग मेस्त क्लॅरिनेट घेऊन येत. आप्पा वरचा आवाज धरत, मेस्त खालचा. राहिलेले दोन आवाज आपण मनात ऐकायचे.

पेटी तरी मूळची कुणाची? १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये देबँ नावाच्या कारागिरानं ती घडवली, मिशनऱ्यांबरोबर ती इकडं आली आणि प्रार्थनेला साथ करू लागली. पायानं दाबायचा भाता हाताशी आणून ती मांडी घालून वाजवण्याजोगी केली कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी, १८७५ मध्ये. मग ती कीर्तनात शिरली, नाटकात शिरली. १९४० मध्ये आकाशवाणीनं तिला दाराबाहेर काढलं ते १९७१ पर्यंत. आप्पांच्या उमेदीची वर्षं नेमकी तीच. रेडिओवर वाजवायची त्यांची हौस राहिली ती राहिलीच.

मंकचाच एक सोबती जॉन बॅकस डाइक्स. याच्यावर माझा अंमळ अधिक जीव आहे. दोघं १८२३ सालचे. डाइक्स लहानपणापासून ऑर्गन वाजवी, पुढं डरहॅमच्या मोठ्या चर्चमध्ये गायनप्रमुख झाला आणि १८६२ पासून त्याच गावात पाळक. १८६० मध्ये ओळखदेख नसताना त्यानं आपल्या चाली मंककडं पाठवून दिल्या. संग्रहात त्यातल्या सात घेतल्या गेल्या. पुढं त्याच्या चालींची संख्या तीनशेच्या आसपास गेली. समुद्रावरच्या माणसांसाठी इंग्लंडात जी प्रार्थना गातात तिची चाल याची. न्यूमनच्या ‘लीड काइंडली लाइट’ची चालही याचीच, १८६५ मधली. लंडनच्या गजबजलेल्या रस्त्यानं चालताना सुचलेली, असं म्हणतात.

आता न्यूमनची कथा सगळ्यांना माहीत असते. १८३३ साली सिसिलीतल्या आजारातून उठून तो संत्र्यांच्या गलबतातून परतत होता, वारा पडला, गलबत समुद्रात अडकलं आणि कविता झाली. पुढं तो कार्डिनल झाला. पण गीताचं कुणी कौतुक केलं की खुद्द न्यूमन म्हणे, लोकांना आवडते ती डाइक्सची चाल. असं म्हणायला मोठं मन लागतं. आमच्याकडच्या कवींचा माझा अनुभव वेगळा आहे, तो इथं नको.

डाइक्सचा शेवट मात्र वाईट झाला. कामाचा बोजा वाढला म्हणून त्यानं मदतनीस पाळक मागितला. पूजेच्या वेळी कुठली वस्त्रं घालायची, तोंड कुठं करायचं यावर बिशपनं लेखी हमी मागितली. डाइक्स कोर्टात गेला आणि १८७४ च्या जानेवारीत हरला. मग एकट्यानं सगळं ओढता ओढता मन आणि शरीर दोन्ही खचली. १८७६ च्या जानेवारीत ससेक्समधल्या मनोरुग्णालयात तो गेला. वय अवघं बावन्न.

ते ‘लीड काइंडली लाइट’ गांधीजींच्या आवडीचं. नरसिंहराव दिवेटियांनी त्याचं गुजरातीत ‘प्रेमळ ज्योति’ केलं. बडोद्याकडच्या आपल्या मंडळींना ते ठाऊक असेल. गांधीजींच्या प्रार्थनेविषयी कितीतरी लिहिलं गेलं, पण आश्रमात ती प्रार्थना बसवणारे, ‘आश्रम भजनावली’ तयार करणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे किती जणांना आठवतात? विष्णु दिगंबरांचे शिष्य, मराठी माणूस. १९३० मध्ये दांडीपर्यंत गांधीजींबरोबर चालत गेले, १९३८ मध्ये वारले. आणि मराठी ख्रिस्ती गीतं म्हटली की आपण रेव्हरंड टिळकांपाशी थांबतो. त्यांच्या आधीच्या पिढीतले कृष्णराव रत्नाजी सांगळे, जन्म १८३४, मृत्यू १९०८, यांचं ‘तन मन धन’ इंग्रजीत जाऊन परदेशी स्तोत्रसंग्रहांत पोचलं. तिथं डावीकडं सांगळ्यांचं नाव आहे. उजवीकडं माणसाचं नाव नाही, मराठी भजनाची चाल एवढंच.

हे सगळं मी इतक्या हिरिरीनं सांगतोय, त्याचं कारण आता सांगायला हवं.

मी ज्या शाळेत शिकलो आणि पुढं शिकवलं, तिची प्रार्थना आमच्याच एका मराठीच्या शिक्षकांनी लिहिलेली. १९५८ साली तिला चाल लावली आप्पांनी. १९८६ मध्ये शाळेचा मोठा समारंभ झाला, स्मरणिका निघाली. पहिल्याच पानावर प्रार्थना, खाली कवीचं नाव, पुढं अध्यक्षांचे आणि देणगीदारांचे फोटो. आप्पांचं नाव कुठंच नाही. त्या स्मरणिकेचा संपादक मी होतो. मुद्रितं मीच तपासली.

आपल्याच वडिलांचं नाव आपण कसं छापायचं, असा संकोच वाटला, असं मी नंतर लोकांना सांगत आलो. ते खरं नाही. माझ्या डोक्यातच आलं नाही. सातवीत असताना ज्या पोराला मुद्दाम बोट ठेवून दोन्ही कोपरे दाखवले होते, त्याच्या डोक्यात आलं नाही.

अंक घरी आणला तेव्हा आप्पांनी चष्मा लावून पहिलं पान पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पानावरून हात फिरवून म्हणाले, “कागद चांगला वापरलाय.” त्या रात्री त्यांनी पेटी काढली नाही. मला वाटलं, दमले असतील. १९९४ मध्ये ते गेले. तोवर हा विषय ना त्यांनी काढला, ना मी.

दर २९ जानेवारीला दिल्लीच्या ‘बीटिंग रिट्रीट’मध्ये ती संथ चाल वाजे. मावळतीला गच्चीवर उंट उभे, खाली पितळी वाद्यं, मध्येच घंटांचे सूर. दूरदर्शनवर आप्पा ते चुकवत नसत आणि पुढं मीही चुकवलं नाही. १९५० पासूनची ती प्रथा २०२२ साली संपली. त्या जागी ‘ऐ मेरे वतन के लोगों’ वाजलं. माझं मन थोडं खट्टू झालं, नाही म्हणत नाही. पण शब्द बडनगरच्या कवी प्रदीपांचे आणि चाल पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांची, म्हणजे सी. रामचंद्रांची. १९६३ साली लताबाईंनी ते गायलं आणि नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आलं, हे शेंबडं पोरही सांगेल. चाल कुणाची, हे त्या दिवशी माझ्या दोन्ही नातवंडांना सांगता आलं नाही.

गेल्या पावसाळ्यात सकाळी फिरायला जाताना पलीकडच्या कन्नड शाळेपाशी मी थबकलो. आतून प्रार्थना ऐकू येत होती. शब्द कन्नड, चाल आप्पांची. अंतऱ्याच्या शेवटी ते मुद्दाम घेत तो कोमल निषाद तेवढा मुलांनी शुद्ध करून टाकला होता, बाकी जशीच्या तशी. कुणी कधी उचलून नेली कोण जाणे. प्रार्थना संपल्यावर मी आत जाऊन संगीताच्या बाईंना भेटलो. त्यांच्या वहीत गीताखाली कवीचं नाव होतं. आधीच्या बाईंनी शिकवलं तसंच मीही शिकवते, म्हणाल्या. मी पेटीवर तो कोमल निषाद दाखवला. त्यांनी दोनदा म्हणून पाहिला, हसल्या आणि विचारलं,

“सर, ई धाटी यारदु?”

“नम्म अप्पंदु,” मी म्हणालो.

त्यांनी पेन काढलं, पूर्ण नाव विचारलं, आणि कन्नडमध्ये लिहू की मराठीत, हेही विचारलं. कुठल्याही लिपीत लिहा, मी म्हटलं, फक्त इथं उजव्या कोपऱ्यात लिहा.